टाकीचे घाव

मोरीतून पाणी गेलं की मराठी माणसाचा त्या पाण्याशी संबंध संपतो. पुढे ते कुठे जातं, कुणाच्या दारात तुंबतं, हा प्रश्न नगरपालिकेचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांचा. अमेरिकेत आल्यावरही ही सोय शाबूत राहते, कारण इथेही घरातलं पाणी भिंतीत शिरतं आणि गडप होतं. ती मोडते फक्त आरव्हीत. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, संडास, सगळं आत. आणि या सगळ्याचं सांडपाणी पलंगापासून हातभर खाली, प्लास्टिकच्या टाकीत डचमळत, तुमच्याच बरोबर यात्रेला निघालेलं असतं.

ही घरं बनतात इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि त्याच्या आसपास. देशातल्या बहुतेक आरव्ही इथूनच निघतात. गावानं जगाची आरव्ही राजधानी हा किताब घेतलाय आणि आरव्हीवाल्यांचं ‘हॉल ऑफ फेम’ही थाटलंय. कोविडच्या काळात लोकांना विमानं नकोत, हॉटेलं नकोत, शेजारीही नकोत, असं झालं, तेव्हा २०२१ या एका वर्षात सहा लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याचशा लवकरच विकायला निघाल्या. अशीच एक, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायची, मी आणि माझ्या साडूंनी मिळून घेतली. आम्ही दोघंही शिकागोच्या उपनगरात राहतो, दोघंही इंजिनिअर, दोघांचीही सासूबाई एकच. साडूंची भागीदारी कशी चालते ते वेगळं सांगायला नको. ट्रक त्यांचा, त्यामुळे गाडी चालली तर ती त्यांची. बंद पडली की ती ‘आपली’.

टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ओट्याच्या बेसिनचं आणि आंघोळीचं पाणी जमा होणारी, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ब्लॅक टँक. बाहेरून बघणाऱ्याला भीती वाटते ती तिसरीची. मुरलेले आरव्हीवाले मात्र सांगतात की खरा वास दुसरीचा. संडासाच्या टाकीत माणूस भक्तिभावानं औषध टाकतो, तिची काळजी घेतो. ओट्याच्या पाण्यात तेलाचा तवंग, डाळीचा गाळ, ताकाची धुवण, हे सगळं बंद डब्यात उन्हात आंबत ठेवायचं आणि वर त्याला ‘ग्रे’ असं सभ्य नाव द्यायचं.

अमेरिकन कुटुंब या टाक्या फार काटकसरीनं भरतं. कागदी प्लेटा, कागदी पेले, आंघोळ म्हणजे अंग ओलं करून नळ बंद, साबण, नळ चालू, बाहेर. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले नाहीत तर तो भात त्यांच्या मते भात नव्हे. भांडी नळाखाली, धार सोडून. चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची टाकी ही आमच्या घरात टाकी नसून मोठं पातेलं होतं.

पण ब्लॅक टँकच्या बाबतीत आपली संस्कृती श्रेष्ठ आहे, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगू शकतो. तिथे कागद आणि मळ यांना पाणी कमी पडलं तर पाणी निघून जातं आणि घन पदार्थाचा मनोरा उभा राहतो. हा मनोरा वाळून दगड होतो, आणि त्यावर उपाय सांगणारे लोक बोलताना आवाज खाली आणतात. तज्ज्ञांचा एकच सल्ला असतो: भरपूर पाणी वापरा. आमच्या घरातला प्रत्येक माणूस जन्मापासून तेच करत आलेला. तांब्यानं आम्हाला मनोऱ्यापासून वाचवलं.

टाकी किती भरली हे दाखवायला आत भिंतीवर चार दिवे असतात. टाकीच्या बाजूला पितळी किंवा स्टीलच्या खुंट्या बसवलेल्या असतात, पाणी ज्या खुंटीपर्यंत चढेल तिथवरचे दिवे लागतात, असा सिद्धान्त आहे. प्रत्यक्षात खुंट्यांवर साय धरते, कागद चिकटतो, आणि मग टाकी रिकामी असो वा तुडुंब, दिवे कायम दोन-तृतीयांश दाखवतात. देशभर सगळ्यांचे दिवे दोन-तृतीयांशच दाखवतात. इतकं एकमत या देशात दुसऱ्या कशाबद्दलही नाही.

आम्ही निघालो होतो यलोस्टोनला, साउथ डकोटातल्या बॅडलँड्सवरून. महामार्ग क्रमांक ९०. पेट्रोलला थांबलो तेव्हा ट्रेलरखाली एक ओला पट्टा दिसला. साडू वाकले, उठले आणि म्हणाले, “एसीचं पाणी असेल.”

भारतीय पुरुषाचं कुठल्याही गाडीखालच्या कुठल्याही ओलीचं हे पहिलं निदान असतं. ते इतक्या ठाम आवाजात दिलं जातं की पाणीसुद्धा क्षणभर गोंधळतं. आमच्या ट्रेलरचा एसी छतावर, ओल खाली मधोमध. शिवाय एसी रात्रीपासून बंद. हे मी सांगणार तेवढ्यात सासूबाई पदर नाकाला लावून खाली उतरल्या. त्यांनी दोन पावलांवरून वास घेतला.

“जावईबापू, एसीच्या पाण्याला कढीचा वास येतो का हो?”

आदल्या दिवशी कढी झाली होती. तपास तिथेच अर्धा संपला.

पुढे वॉल नावाचं गाव आहे. १९३१ मध्ये एका नवरा-बायकोनं तिथलं औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक येईना. तेव्हा बाईंच्या डोक्यातून कल्पना निघाली की हमरस्त्यावर पाट्या लावायच्या, आमच्याकडे थंडगार पाणी फुकट. उन्हानं करपलेले प्रवासी वळू लागले. आता त्या दुकानाचा पसारा गल्लीभर झालाय, आणि त्याच्या पाट्या शेकडो मैल आधीपासून पाठ सोडत नाहीत. प्रत्येक पाटी वाचताना माझ्या मनात एकच विचार यायचा: आम्हीही या रस्त्यानं फुकट पाणी वाटतच आलोय, फक्त पाटी लावलेली नाही.

यातली थट्टा सोडली तर हा गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानांत आणि बहुतेक ठिकाणी सांडपाणी जमिनीवर सोडायला बंदी आहे. टाकी रिकामी करायची तर ठरलेल्या जागी, डंप स्टेशनवर, जाडजूड नळी लावून. अमेरिकन माणूस याबाबतीत कडक आहे, आणि त्याला कारणं आहेत. आमच्याच शिकागोत ८ ऑगस्ट २००४ रोजी डेव्ह मॅथ्यूज बँडच्या एका बसच्या ड्रायव्हरनं किंझी स्ट्रीटच्या पुलावरून जाताना बसची टाकी मोकळी केली. पुलाचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा. खाली नदीत पर्यटकांची बोट, शंभरावर माणसं उघड्या डेकवर माना वर करून शहराचं वास्तुशिल्प बघत असलेली. साधारण आठशे पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोंहून जास्त मैला वरून आला. खटला झाला, ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला, बँडनं राज्य सरकारशी तडजोड करून दोन लाख डॉलर भरले. शिकागोत पाहुणे आले की आम्ही त्यांना ती बोटीची सफर आवर्जून घडवतो. पूल जवळ आला की आपण छपराखाली सरकायचं, इतकंच.

वॉलजवळच्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवर ट्रेलर लावला आणि साडू पुठ्ठा अंथरून खाली शिरले. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते. कॅम्पग्राउंडवर गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय म्हणजे सार्वजनिक निमंत्रण असतं. दहा मिनिटांत मंडळी जमली.

आपल्याकडे रस्त्यात खड्डा खणला की भोवती उभे राहतात, ते आणि हे लोक एकाच गोत्राचे. फरक इतकाच की हे घडीची खुर्ची घेऊन येतात. पहिल्यानं सांगितलं, व्हॉल्व्ह. दुसरा म्हणाला, व्हॉल्व्ह कधीच नसतो, टाकीच फुटलेली असते, ती बदलावी लागते, कारखान्याकडून यायला महिने लागतात, तोवर हिवाळा येतो. हे तो अतिशय आनंदानं सांगत होता. तिसऱ्याकडे छताला लावायची चिकटपट्टी होती आणि जगातला कुठलाही प्रश्न त्या पट्टीनं सुटतो अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं स्वतःच्या चष्म्याची काडीही तिनंच जोडलेली दिसत होती. चौथ्यानं विचारलं की आमची गाडी कुठल्या साली बनली, आणि उत्तर ऐकून नुसतीच मान हलवली. कोविडच्या वर्षांत घाईघाईनं बनलेल्या गाड्यांबद्दल इथे असं मान हलवण्याची पद्धत आहे. एक आजोबा बियरचा डबा हातात धरून तासभर एक शब्दही न बोलता उभे होते. शेवटी ते कमरेत वाकले, नीट पाहिलं, आणि म्हणाले, “हं. गळतंय.” आणि गेले. निदान म्हणून ते सगळ्यात अचूक होतं.

व्हॉल्व्हची बाजू आधी घेतली, कारण तो हाताला लागतो. साधी गोष्ट आहे. पाइपमध्ये आडवी पात बसवलेली, दांडा ओढला की पात बाहेर, ढकलला की आत. दोन्ही बाजूंनी रबराच्या कडा, चार बोल्ट. पात ज्या खाचेत जाऊन बसते तिथे कण अडकला की ती पुरती बसत नाही आणि पाणी थेंबाथेंबानं पुढे सरकून टोपणामागे साठतं. मग डंप स्टेशनवर कुणीतरी विश्वासानं टोपण उघडतं आणि बूट बदलायला जातं. चारही बोल्ट काढून साडूंनी व्हॉल्व्ह उघडला, पात उजेडात धरली आणि खाचेत बोट फिरवलं. बोटाच्या टोकावर भाताचं एक शीत आलं. फुगलेलं, करडं पडलेलं, पण शीतच.

सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. सासूबाईंनी चष्मा लावला. साडूंचं बोट धरून शीत उन्हात फिरवून बघितलं.

“हे माझ्या भाताचं नाही. मी आंबेमोहोर शिजवते. हे बासमती आहे.”

मग सगळ्यांची नजर त्यांच्या थोरल्या लेकीकडे, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतींकडे गेली, आणि साडूंनी ताबडतोब विषय बदलून पान्हा मागितला. शीत काढलं, रबरं पुसली, बोल्ट आवळले. पाइपाच्या तोंडाशी थेंब थांबला. टाळ्या झाल्या. चिकटपट्टीवाला नाराज होऊन खुर्ची आवरू लागला. अर्ध्या तासानं ट्रेलरच्या मध्यावर, व्हॉल्व्हपासून पाच-सहा फुटांवर, थेंब पडू लागले आणि तो परत आला.

गळतीचा स्वभाव असा की ती जिथे दिसते तिथे नसते. ट्रेलरच्या पोटाला खालून एक प्लास्टिकचा पत्रा मारलेला असतो, नळी-नळीचा, हलका. निवडणुकीत घरापुढे रोवायचे फलक ज्याचे असतात तोच. टाकीतून निघालेलं पाणी या पत्र्यावर साठतं, लोखंडी सांगाड्याच्या कडेनं धावतं, आणि एखादा स्क्रू सैल सापडला की तिथून बाहेर येतं. म्हणजे उगम गंगोत्रीत आणि आपण चौकशी करतोय बनारसच्या घाटावर. आमच्या पत्र्याला एका जागी पंगत उठल्यावरच्या आचाऱ्यासारखं पोट सुटलं होतं. साडूंनी त्याला खालून बोटानं टिचकी मारली, डुबुक असा आवाज आला. सरळ माणसानं इथे बाजूला होऊन लांबून भोक पाडलं असतं. साडूंनी पोटाच्या बरोब्बर खाली पडून धारदार पातं लावलं.

त्यानंतरची पाच मिनिटं मी गाळतो. इतकंच सांगतो की सासूबाईंनी त्यांना दारात उभं करून आधी डोक्यावरून पाणी ओतलं, मगच आत घेतलं, आणि ते पाणी ग्रे टँकमध्ये जाणार नाही, याची सगळ्यांनी काळजी घेतली.

आता खालून टाक्या दिसत होत्या. दिसत होत्या म्हणजे तिन्ही एकमेकींना खेटून, सगळ्याच ओल्या. कुठली गळतेय? इथे आरव्हीवाल्यांची जुनी युक्ती आहे, रंगाची. ज्या टाकीवर संशय तिच्यात रंग सोडायचा आणि खाली कुठला रंग उतरतो ते बघायचं. आमच्याकडे सासूबाईंची पिशवी होती. शिऱ्यासाठी आणलेला केशरी रंग निघाला, बर्फीचा हिरवाही निघाला. ओट्याच्या बेसिनमधून केशरी सोडला, संडासातून हिरवा. चांगल्या पाण्याची टाकी बिनरंगी ठेवली. मग साडू बॅटरी घेऊन परत खाली, आणि बाहेर सगळं कुटुंब श्वास रोखून. घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रार्थना होती, तिचा उच्चार कुणीच करत नव्हतं: देवा, हिरवा नको.

बऱ्याच वेळानं खालून साडूंचा आवाज आला, “भगवा! भगवा आला!”

सासूबाईंनी हात जोडले. आम्ही सगळे ओरडलो. शेजारच्या तंबूतली मुलं धावत आली. आपल्या गाडीतून भांड्यांचं पाणी गळतंय म्हणून इतका आनंद झालेलं कुटुंब त्यांनी पाहिलं नसावं.

तडा होता बोटाएवढा, पाइप टाकीत जिथे शिरतो त्या सांध्याच्या कडेला. कारण बघितल्यावर कळतं. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. ते दोन पातळ लोखंडी पट्ट्यांवर लटकलेलं. रस्ता हलतो तशी टाकी हलते, पाइप मात्र सांगाड्याला करकचून बांधलेला, तो हलत नाही. दोघांच्या ओढाताणीत मधला सांधा फाटतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे यंत्रशास्त्र समजावून सांगावं लागत नाही.

आता जोडायचं कशानं? सासूबाईंच्या पिशवीतून एम-सील निघालं. भारतातून येणाऱ्या कुठल्याही आईच्या सामानात, मेतकुटाच्या आणि कुळथाच्या पिठाच्या मध्ये, एम-सील असतंच. साडूंनी काळा आणि पांढरा गोळा मळला, तडा पुसून लिंपला, अंगठ्यानं कडा बसवल्या. सुरेख दिसत होतं. सकाळी हात लावला तर आख्खं लिंपण एकसंध, साच्यातून काढल्यासारखं, हातात आलं. आतल्या बाजूला तड्याचा ठसा सुबक उमटलेला होता.

दोष एम-सीलचा नाही. या टाक्या दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. एक एबीएस, ते रसायनात विरघळतं, त्याला त्याचंच सिमेंट लावून जोडता येतं. दुसरं पॉलिइथिलीन, आणि त्याला जगात जवळजवळ काहीच चिकटत नाही. फेव्हिकॉलचा डबा आठवा. वाळलेलं फेव्हिकॉल त्याच्या कडेवरून नखानं सोललं की आख्खा पापुद्रा निघतो. हत्तींच्या जोडीनं ओढून सुटणार नाही म्हणणारा फेव्हिकॉल स्वतःच्या डब्यापुढे हात टेकतो, कारण डबा याच जातीचा. आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्याही याच जातीच्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे टाकीचा एक बारीक कीस काढून वाटीतल्या पाण्यात टाकायचा. बुडाला तर एबीएस, तरंगला तर पॉलिइथिलीन. आमचा कीस तरंगला, आणि वाटीभोवती वाकलेल्या सगळ्या तज्ज्ञांनी एकाच वेळी सुस्कारा टाकला.

आरव्ही दुरुस्ती करणाऱ्यांना फोन लावले. हंगाम ऐन भरात, नंबर लागायला आठवडे, आणि मजुरीचा दर असा की तासाभराच्या पैशात आपल्याकडे प्लंबर महिनाभर येऊन चहा पिऊन जाईल.

“बादल्या जोडणारा नाही का इथे कुणी?” सासूबाईंनी विचारलं.

आधी आम्ही हसलो. मग साडू हसायचे थांबले. साताऱ्याला आमच्या गल्लीत तो यायचा, सायकलच्या मागे कोळशाची शेगडी, तीत तापत ठेवलेली सळई. फुटक्या बादलीच्या तड्यावर तसल्याच दुसऱ्या बादलीचा तुकडा ठेवायचा आणि सळईनं दोन्ही वितळवून एक करायचा. पॉलिइथिलीन जोडायची शास्त्रशुद्ध पद्धत नेमकी हीच आहे. त्याला इथे प्लास्टिक वेल्डिंग म्हणतात. त्याच्याच जातीचं प्लास्टिक, आणि उष्णता. अमेरिकेतला दुधाचा गॅलनचा कॅन पॉलिइथिलीनचा असतो, त्याच्या बुडाला त्रिकोणात २ हा आकडा छापलेला असतो. रॅपिड सिटी तासाभरावर. तिथून सोल्डरिंग आयर्न आणलं.

वितळवण्याआधीची तयारी मात्र गमतीची नाही. सांडपाण्याच्या टाक्यांत मिथेन साठतो, आणि तिथे तापलेली सळई घेऊन जायचं तर टाक्या रिकाम्या करून, पुनःपुन्हा धुऊन, सगळं उघडं टाकून, वारा खेळवून मगच. ते झालं. तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळत नाही. कडा काचकागदानं घासल्या. मग दुधाच्या कॅनच्या पट्ट्या कापून त्या एकेक करून तड्यावर वितळवत न्यायच्या. पट्टी आधी पांढरी असते, मग काचेसारखी पारदर्शक होते, मग चमकते. त्या चमकण्याच्या क्षणाला टाकीचं अंगही चमकलं पाहिजे. एकच चमकलं तर जोड वरवरचा. साडू उताणे पडून हे करत होते आणि मी बाजूला पट्ट्या पुरवत होतो. एरवी मत द्यायला हटकून हजर असणारी मंडळी एकदम शांत झाली. कसबी हात चालू असला की कुठल्याही देशातली माणसं गप्प होतात. चिकटपट्टीवाल्यानं तर बॅटरी धरली.

रात्रभर टाकी काठोकाठ भरून ठेवली, खाली कोरडे कागद अंथरले. सकाळी कागद कोरडे. पोटाच्या पत्र्याचं भोक घरी आल्यावर एका निवडणूक-फलकानं बुजवलं. उमेदवार पडला, फलक टिकून आहे.

यलोस्टोनहून परतताना एका रविवारी सकाळी डंप स्टेशनच्या रांगेत होतो. रांग मोठी होती, आणि मी आयुष्यात पाहिलेल्या रांगांमध्ये सगळ्यात समतेची होती. पुढे कोट्यवधी रुपयांची बस, संगमरवरी फरशीची, तिचा मालक रबरी हातमोजे घालून नळी जोडत होता. त्यामागे निवृत्त शिक्षिका, एकट्या, सराईत. मागे एक हृदयरोगतज्ज्ञ, हे त्यांनीच सांगितलं, आणि मग आमच्या व्हॉल्व्हबद्दलही मत दिलं. दुसऱ्या कुणाला पैसे देऊन हे काम उरकायची पद्धत त्या रांगेत नव्हती. ज्याचं त्यानं करायचं, नळी धुवायची, जागा धुवायची, पुढच्याला हात करायचा.

साताऱ्याच्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या बोळातून एक बाई टोपली घेऊन यायच्या. त्यांचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते काम करून घेण्यावर बंदीचा कायदा १९९३ मध्ये झाला, पुन्हा २०१३ मध्ये झाला, आणि गटारात माणसं उतरवल्याच्या आणि ती गुदमरून मेल्याच्या बातम्या अजून येतात. कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मला करू द्या म्हणून मागणी केली, तर ते उच्चवर्णीयाचं काम नाही म्हणून नकार मिळाला, आणि त्यासाठी त्यांना अन्नत्याग करावा लागला. तो हक्क साडूंना आणि मला सेकंडहँड ट्रेलरबरोबर फुकट मिळाला, आणि पहिल्याच दिवशी आम्ही दोघंही तो एकमेकांना बहाल करू पाहत होतो.

महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय. उत्तम आहे. गणपतीपुळ्याला, ताडोब्याला चाकांवरच्या घरातून जावं, कुणाला नको वाटेल? पण मी ओळखीच्यांना विचारत असतो, की टाकी कोण रिकामी करणार? आजवर प्रत्येकानं एकच उत्तर दिलंय, तेही क्षणाचा विलंब न लावता: “ड्रायव्हर करेल ना!”

तेव्हा एक कळवायचं होतं. आमचा ट्रेलर विकायचा आहे. सासूबाई परत गेल्या, मुलं मोठी झाली, आणि साडूंना आता मोटरबोट दिसायला लागली आहे, भागीदार शोधतायत. ग्रे टँकचा सांधा मूळ कारखान्याच्या कामापेक्षा पक्का आहे, ब्लॅक टँक नमुनेदार आहे, दिवे दोन-तृतीयांश दाखवतात. किंमत बोलून ठरवू. बघायला याल तेव्हा जुने कपडे घालून या, पडदे आणि गाद्या नंतर बघा, आधी खाली वाका. आणि कुठलीही वापरलेली आरव्ही घ्या, आमची नाही घेतलीत तरी चालेल, पण विकणाऱ्यानं “एसीचं पाणी आहे” असं म्हटलं, तर तिथून निघा.